जळगावच्या उन्हातले देवदार

आमच्या बॉटनी डिपार्टमेंटची जुनी मंडळी भेटली की चहाच्या आधी महाजन सरांचा विषय निघतो. एकाने किस्सा सांगितला की दुसरा म्हणतो, "हा तर काहीच नाही." ऐंशीच्या दशकात मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो. आता आमचे केस गेले, किस्से मात्र वाढतच चाललेत.

*

सर सूचिपर्णी झाडं शिकवायचे. पाइन, देवदार, फर. तेही जळगावात, मार्च महिन्यात! पंखा गरम हवा ढवळत असायचा आणि सर बर्फाचं असं रंगून वर्णन करायचे की पुढच्या बाकावरच्या मुली ओढण्या घट्ट करायच्या.

पहूरच्या एका मुलाने एकदा विचारलंच, "सर, तुम्ही पाह्यलं का हो हे झाड?"

"नाही रे," सर म्हणाले. "पण रिटायर होण्याआधी बघायचंय."

न पाहिलेल्या झाडावर इतकं प्रेम करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

लॅबमध्ये पाइनचा एक शंकू होता. कोरड्या हवेत त्याचे खवले उघडायचे, दमट हवेत मिटायचे. सर सांगायचे, "बी उडायला कोरडा वारा लागतो. ओल आली की दार बंद."

झालं! कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची पोरं सकाळी आधी लॅबमध्ये डोकावायला लागली. शंकू मिटलेला दिसला की पावसाच्या आत कापूस वेचायला थेट शेताकडे. सरांनी कुणाची हजेरी कापली नाही. "प्रॅक्टिकलच आहे ते," म्हणाले.

*

एकदा सरांनी कुठून तरी देवदाराचं रोप मिळवलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मान टाकली. केळीवाल्या घरातल्या दोघांनी सायकलवरून बर्फाची लादी आणली आणि कुंडीभोवती रचली.

सर हसले नाहीत. "अरे, त्याला थंडीची सवय व्हायला लाखो वर्षं लागली. आपण एका दुपारीत काय करणार?"

रोप गेलंच. सरांनी त्या दोघांना उसाचा रस पाजला.

*

धुळ्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा एक मुलगा वर्गात कधी बोलायचा नाही. एक दिवस म्हणाला, "सर, आमना साग उन्हायामा बठ्ठा पानं टाकी देस. हाई झाड काब टाकत नही?"

सरांनी खडू खाली ठेवला. "सागाकडे पाणी कमी पडतं, म्हणून तो पानं टाकतो. देवदाराकडे उन्हाळा कमी पडतो. नवी पानं करण्यात तेवढासा उन्हाळा घालवणं त्याला परवडत नाही, म्हणून जुनीच जपतो. ज्याचा त्याचा मुलूख ज्याला त्याला घडवतो."

मग दिवसभर स्टाफरूममध्ये भेटेल त्याला सांगत होते, "आज मला काय प्रश्न विचारलाय माहितीये?"

*

आमची सहल दरवर्षी तोरणमाळला जायची. सरांच्या शेवटच्या वर्षी हिमाचल ठरलं आणि निघायच्या आधी सर तापाने पडले. डॉक्टर म्हणाले, थंडीत जाऊ नका. पण हे हुकलं तर पुन्हा कुठलं? महाजन वहिनींनी दोन मफलर दिले आणि सर निघाले.

रात्रभर बर्फ पडला होता. सकाळी गाडीतून उतरून सर पहिल्याच देवदाराखाली जाऊन उभे राहिले. फळ्यावर ते नेहमी काढून दाखवायचे: बर्फ साठतो, फांदी वाकते, बर्फ घसरतो, फांदी मोडत नाही. आता मान वर करून ते खरीखुरी फांदी बघत होते.

"सर, बाजूला व्हा," आम्ही ओरडलो. ते हलले नाहीत.

ऊन चढलं. फांदी वाकली आणि सगळा बर्फ सरांच्या डोक्यावर. टोपी, चष्मा, दोन्ही मफलर पांढरे. फांदी सावकाश वर गेली.

आम्ही धावलो.

"थांबा," सर म्हणाले. "कोणी झटकू नका."