सुपाचं पोट कोणाकडे

अंजनाबाई बोलते कशी? तर वांग्यांना दटावून, गिऱ्हाइकाशी लाडीगोडीनं आणि भावाशी जवळजवळ नाहीच. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडे, गावाच्या वेशीबाहेर तिची वांग्याची वाडी आहे. वाडी तशी भावाची, दौलतरावांची. पण एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून तिथली माती अंजनाच्याच नखांत असते. "तू काहून किडली वं? तुले फवारा मारला नोता का मी?" असं ती वांग्याला विचारते, आणि वांगं शरमतं असं पाहणारे सांगतात.

वाडीतल्या दोन खोल्यांत तिच्यासोबत पौर्णिमा राहते. बावीस वर्षांपूर्वी ती शिलाई मशीन घेऊन खोली विचारायला आली आणि मशीनसकट राहूनच गेली. अर्ध्या गावाचे ब्लाऊज तिच्या हातचे. तोंडात टाचण्या धरूनच बोलते, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दातांमधून गाळून येतं. गाव म्हणायचं, "दोघी एकमेकीले धरून हायेत हो." आणि 'धरून' या शब्दावर जरा जास्तच थांबायचं.

या एप्रिलात पौर्णिमाचा भाचा संघदीप वाशीमहून आला. गळ्यात कॅमेरा, सोबत दोन मित्र.

"आत्या, शॉर्ट फिल्म करून राह्यलो. भागी-चंद्रीची. हॉरर हाय, पन लव्ह स्टोरीबी हाय."

पौर्णिमानं टाचण्या काढल्या. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

भागी-चंद्रीची गोष्ट त्या गावात कोणी मोठ्यानं सांगत नसे. शंभर वर्षांपूर्वी या दोन विधवा एका घरात राहत. कोणी दुसरं लग्न सुचवलं की नाही म्हणत. मग गावातली ढोरं मरू लागली आणि गाव म्हणालं, दोघींतली एक चेटकीण आहे, तिनंच दुसरीला बांधून ठेवलं. भगतानं सूप लावलं. धनगराची कातर सुपाच्या काठात खुपसायची, कातरीच्या एकेका मुठीखाली एकेकीनं बोट धरायचं आणि सूप मध्ये लोंबतं सोडायचं. भगत नावं घेणार. ज्या नावाला सूप फिरेल आणि ज्या बाईकडं सुपाचं पोट, म्हणजे खोलगट अंग, वळेल, ती चेटकीण. सूप चंद्रीकडं वळलं. चंद्रीला विहिरीकडं नेलं, परत आणलं नाही. भागी पुढं चाळीस वर्षं जगली, एक शब्द न बोलता. गाव म्हणालं, स्वतःला वाचवायला भागीनंच बोट हलवलं. अजून त्या गावात दगाबाजाला "भागी हाये का तू?" असं विचारतात.

"वाशीमच्या पोरी नाई म्हन्ल्या. तुमी दोघीच करा," संघदीप म्हणाला.

"मी चेटूक-बिटूक मानत नाई," पौर्णिमा म्हणाली.

"म्हनूनच त कर म्हन्तो."

दौलतरावांना कळलं तेव्हा ते वाडीच्या बांधावर आले. आत आले नाहीत. बहिणीकडे न पाहता पाण्याच्या पाइपशी बोलल्यासारखे बोलले, "कराचं ते करा. पन त्या सिनेमापायी तुमच्या दोघीचं कायबी लोकाईच्या तोंडी आलं, त त्या बाईनं आपली मशीन उचलाची. आपल्याले गावात राहाचं हाये."

त्या रात्री अंजनानं भाकरी दोनदा करपवली. तरीही नाही म्हणायचं म्हणजे भागीसारखं गप्प बसणंच, असं तिला वाटलं. तिनं हो म्हटलं.

शूटिंग ठरलं भर दुपारी बाराला, पारावरच्या कडुनिंबाखाली. ऊन असं, की सावल्या पायांखाली घुसून बसलेल्या. वारा बंद. सगळं गाव गोळा झालेलं. दौलतराव मागं, हाताची घडी घालून. धनगराची कातर मिळाली नाही म्हणून पौर्णिमाची कपडे कापायची मोठी कात्री घेतली. भगत झाले नानाजी, वय शहाऐंशी. त्यांच्या आज्यानं ते खरं सूप डोळ्यांनी पाहिलं होतं. संघदीपनं त्यांच्याकडून चार खोटी नावं पाठ करून घेतली होती.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एका मुठीखाली अंजनाचं बोट, दुसरीखाली पौर्णिमाचं. मध्ये सूप लोंबत होतं, पोट नानाजींकडं.

नानाजींनी डोळे मिटले आणि आवाज बदलला. त्यांचा नेहमीचा आवाज म्हणजे कोंबडं घशात अडकल्यासारखा. हा तसा नव्हता. खोल होता, सपाट होता. आणि ते पाठ केलेली नावं विसरले. आज्यानं शिकवलेली रीत मात्र त्यांना आठवली: पूर्वेच्या गल्लीपासून, घर न चुकवता, गावातल्या बायांची खरी नावं.

"राखी. रामकिसनची."

मोबाइलवर शूट करणाऱ्या राखीनं मोबाइल खाली केला. "अवं माय! माहं नाव काहून घेऊन राह्यले हे?"

कोणी हसलं नाही. सूप हललं नाही. राखीनं सुस्कारा सोडला तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला.

"निता. सुचिता."

एकेक नाव पडत होतं आणि त्या त्या बाईचा पदर घट्ट होत होता. नवरे बायकोपासून बोटभर सरकत होते. संघदीप कुजबुजला, "नानाजी, नावं चुकली." पण कॅमेरा त्यानं बंद केला नाही. गाव संपत आलं.

"आता वेशीबाहेरचं घर," नानाजी म्हणाले. "पौर्णिमा."

सूप हललं.

अंजनाला ते बोटाच्या टोकावर कळलं, आधी मुंगी चालल्यासारखं, मग कोणीतरी हळूच दार लोटावं तसं. पान हलत नव्हतं. सुपाचं पोट पौर्णिमाकडं वळत होतं. गर्दीतून "आँ" असा एकच आवाज उठला, आणि अंजनाला डोळ्यांपुढं मशीन दिसली. बैलगाडीत उलटी टाकलेली, चाक गरगर फिरत असलेली.

तिनं बोट मुठीत अडकवलं आणि कात्री जोरानं स्वतःकडं ओढली. माह्याकडं वळ. ये, माह्याकडं.

पण कात्री येईना. तिनं वर पाहिलं. पौर्णिमाचे दात आवळलेले, टाचण्या नसतानाही, आणि तीही सगळ्या जिवानिशी ओढत होती. स्वतःकडं.

दोन्ही मुठी लांब झाल्या तशी पाती उघडली. कर्रर करून सूप काठापासून खालपर्यंत उभं फाटलं. एक अर्धं अंजनाच्या पायाशी पडलं, एक पौर्णिमाच्या.



नानाजींनी डोळे उघडले. आवाज पुन्हा कोंबड्याचा झाला होता. "दोघीईनंबी आपल्याकडंच ओढलं," ते म्हणाले. "याचा निकाल माह्या आज्यानं सांगतला नाई." मग थांबून, विहिरीच्या दिशेला पाहत, "म्हंजे भागीनं फिरवलंच नसंन. चंद्रीनं वढून घेतलं असंन बापा. अन् शंभर वर्सं आपन त्या बाईले शिव्या देल्ल्या."

सगळ्या गावानं दौलतरावांकडं पाहिलं. आता जे लोकांच्या तोंडी यायचं ते डोळ्यांनीच पाहून झालं होतं. दौलतरावांनी घडी सोडली, पुढं आले, वाकून सुपाचे दोन्ही तुकडे उचलले. एक बहिणीच्या हातात दिला. दुसरा हातात धरून ते क्षणभर घुटमळले.

"हे शिवता येते का वं?" त्यांनी पौर्णिमाला विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, थेट तिला.

"मशीनवर नाई येत," ती म्हणाली. "हातानं शिवतो."

"मंग शीव. मशीन राहू दे जागच्या जागी."

संध्याकाळी संघदीपनं कॅमेऱ्यातलं ते शूटिंग दोघींना दाखवलं. तीनदा दाखवलं. दोघी ओढतात ते स्पष्ट दिसत होतं. त्याच्या आधी, सूप पहिल्यांदा वळतं तेव्हा, दोन्ही बोटं दगडासारखी होती.

"हे सुरवातीचं कोनं फिरवलं?" त्यानं विचारलं.  फिल्ममध्ये त्यानं ते तसंच ठेवलं.

पौर्णिमानं सूप मेणदोऱ्यानं शिवलं. त्यात त्या दोघी तूर पाखडतात. एरवी ते खिळ्याला टांगलेलं असतं, पोट भिंतीकडं करून. कधी कधी भर दुपारी, वारा नसताना, ते हळूच वळतं आणि खोलीत पाहतं. अंजना भाजी निवडता निवडता मान वर करते.

"कोनाले पाहून राह्यली वं?" ती त्याला दटावते. "दोघीबी घरीच हाओत."