तालमीची माती

नव्वदीच्या सुरुवातीला, रस्ता रुंद करताना कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतली जुनी तालीम पाडली. तेव्हा शेजारच्या काकांनी कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती पोत्यांत भरून आपल्या परसात आणून टाकली. दर शनिवारी ते तिच्यात ताक आणि तेल ओतायचे, फावड्यानं खालवर करायचे आणि मूठभर दंडाला चोळायचे. त्यांच्या घरात कुस्ती खेळणारं कुणी उरलं नव्हतं. मला ते खूळच वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तालीम पाडली, त्यात मातीचा काय गुन्हा? तिला उपाशी ठिवू व्हय?"

काही वर्षांनी वर्गणी काढून तालीम पुन्हा बांधली. तशीच दगडी कमान, तसंच कौलारू छप्पर. हौदा तेवढा रिकामा होता. उद्घाटनाला दाराबाहेर चपलांचा ढीग पडला, पण काका चपला घालूनच आत शिरले. कुणीतरी दटावलं.

"अजून नुसती खोली हाय की ही," ते म्हणाले.

मग त्यांनी परसातली पोती आणवून हौद्यात रिकामी केली आणि काठावरूनच माती सारखी केली. फावडं भिंतीला टेकवून ते गर्दीतून बाहेर गेले, चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून आत आले.