सिस्टरांसाठी शिकलेली स्पॅनिश

संगमनेरच्या बोर्डिंगात मला लहानाची मोठी करणाऱ्या स्पॅनिश सिस्टर मराठी विसरल्या, तेव्हा मी स्वतःच पन्नाशीची मास्तरीण झाले होते. त्यांचं मराठी स्वयंपाकघरातल्या बायांकडून आलेलं. "लई नखरं करू नको, गप जेव!" हे त्या अशा ठसक्यात म्हणायच्या की नवखा पाहुणा चक्रावून जाई. आजारपणात ते सगळं पुसलं गेलं. उरली फक्त त्यांची माहेरची बोली, आणि ती कळणारं इथं कुणी नव्हतं.

मग मीच मोबाईलवर शिकायला बसले. वर्तमानकाळ त्यांच्या काही कामाचा नव्हता. सकाळी काय खाल्लं तेही त्यांना आठवत नसे. म्हणून मी थेट 'असं करायचे, तसं करायचे'वाला भूतकाळ धरला. क्रियापदाच्या शेवटचा 'आर' काढून 'आबा' लावायचं. आब्लार म्हणजे बोलणं, आब्लाबा म्हणजे बोलायची. 'एर' आणि 'इर'वाल्यांना 'ईआ': कोमेरचं कोमीआ, खायची, बिबिरचं बिबीआ, राहायची. माझ्या वर्गातल्या पोरांनी ज्याला नाकं मुरडली असती, ते पाठांतर मी भाकरी थापताना केलं.

रविवारी त्यांच्याकडे जाऊन विचारायचे, लहानपणी काय खायचात? कुठं राहायचात? त्या खुलायच्या. अंजिरं, शेळ्या, आईची बोलणी. मला निम्मं कळायचं, उरलेल्याला मी मान डोलवायचे. पण मनात हाव एकच होती. कधीतरी त्यांच्या तोंडून आमचं बोर्डिंग यावं, आणि त्यात मी यावं.

शेवटी मला धीर धरवेना. विचारलं, "भारतात कुणाशी बोलायचात?"

त्या खिडकीकडे वळल्या. मग त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "कुणाशीच नाही. तिथं मी एकटी राहायचे."

अर्थ बघायला फोन काढावा लागला नाही. मला आधी रागच आला. वर्षानुवर्षं आम्ही पोरी दिवसभर यांच्या झग्याला लोंबकळायचो, माझ्या वेण्या याच घालायच्या, आणि म्हणे कुणाशीच नाही! मग वाटलं, खरंही असेल. ते जास्त लागलं.

मी त्यांचा हात धरला. "यो एस्ताबा आकी," म्हटलं. मी इथं होते.

अनोळखी बाईकडे बघून हसावं तसं त्या हसल्या आणि हात हळूच सोडवून घेतला.