लुगड्यानं गाळलेलं खाचर

आमच्या शेतात सगळ्यात खाली एक खाचर होतं. खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला भाताचा तुकडा. हे आता सांगावं लागतं, नातसुनेनं परवाच विचारलं. ठाकुर्लीहून खाडीकडे उतरलं की आमचं गाव, आणि गावच्या तळ्याला लागून हे खाचर. तळं भरलं की पाणी आधी आमच्याकडे यायचं. ऐकायला किती छान! पण पाण्याबरोबर गोंडाळ यायचं. कोबीच्या लहानशा गड्ड्यासारखं, हिरवंगार, पाण्यावर तरंगणारं. दिसायला इतकं गोजिरं, की नवी नवरी होते तेव्हा मी एक उचलून आणून घंगाळात सोडलं होतं. सासूबाईंनी ते तसंच परसात भिरकावलं. "अगं बाई, वैरीण आहे ती! घरात कशाला घेतेस?"

वैरीणच म्हणा. बघता बघता सगळं पाणी झाकून टाकायची. खाली भाताच्या रोपांना ना ऊन, ना वारा. पिवळी पडून बसायची बिचारी. लागोपाठ दोन वर्षं त्या खाचरातून नुसता पेंढा आला, तोही गुरांनी तोंड फिरवावं असा.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. कल्याणकडे भराभर घरं उठत होती आणि आमच्या बाजूला वीटभट्ट्या पेटत होत्या. भट्टीवाल्यांना भातखाचराची माती म्हणजे लोणी. त्यातला एक मामंजींकडे खेपा घालायला लागला. एकदा वरची माती खणून नेली की खाचराचा खड्डा होतो, तिथे पुन्हा भात होत नाही. मामंजींना हे काय माहीत नव्हतं? पण ते दमले होते. माझे यजमान आणि थोरले दीर, दोघंही पॉवरहाऊसमध्ये पाळीवर. शेत सगळं मामंजींवर आणि आम्हा बायकांवर.

एकदा जेवताना मामंजी भिंतीकडे बघून म्हणाले, "यंदाचं शेवटचं. खालच्या खाचरात भात आलं तर आलं. नाहीतर दिवाळी झाली की माती देऊन टाकतो."

भिंतीकडे बघून म्हणजे आम्हाला. सासरे सुनांशी थेट बोलत नसत. ते भिंतीला सांगायचे, आम्ही सासूबाईंना सांगायचो, आणि सगळं सगळ्यांना ऐकू जायचं.

पावसानं दडी मारली की वरची खाचरं भेगाळायची, खालच्यात मात्र तळ्याची ओल दसऱ्यापर्यंत टिकायची. ते गेलं की घरचा तांदूळ वर्षभर पुरणार नाही, रेशनच्या रांगेत उभं राहावं लागणार. त्या तांदळाचा वास आठवला तरी अजून मळमळतं. शिवाय मी माहेरी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते, आमच्याकडे विकतचा तांदूळ चुलीवर चढत नाही म्हणून!

आषाढात तळं भरलं. चिखलणी झाली होती, रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधून पाण्यात उभ्या केल्या होत्या. सकाळी लावणी धरायची म्हणून गेलो, तर खाचरभर गोंडाळ. पाण्याचा थेंब दिसेना. जाऊबाईंनी आणि मी पदर खोचले आणि दिवसभर हातांनी गोळा करून बांधावर फेकलं. उपटलेलं गवत बांधावर टाकायचं, ही आमच्याकडची पिढ्यान् पिढ्यांची रीत. तिथे ते वाळून मरतं. पण गोंडाळ काय गवत आहे? रात्री पाऊस धो धो कोसळला आणि सकाळी सगळं परत पाण्यात. वर न्हाऊन-माखून, ताजंतवानं!

जाऊबाई बांधावर फतकल मारून बसल्या. "जा गं, हाक मार त्या भट्टीवाल्याला. पहिली टोपली मीच देते त्याच्या डोक्यावर."

धुणं राहिलं होतं, ते घेऊन मी तळ्यावर गेले. लुगडं खळबळायला म्हणून पाण्यावर लांब पसरून सोडलं आणि ओढून घेतलं, तर त्याच्या पोटात ढीगभर गोंडाळ आलं. शेजारी भांडी घासत होत्या त्या सासूबाई ओरडल्या, "लुगडं धुतेस का भाजी आणतेस?"

मी पुन्हा पसरलं, पुन्हा ओढलं. पुन्हा ढीग. मग सासूबाईही हातातलं भांडं सोडून बघायला लागल्या. आमची नजरानजर झाली, बस्स.

लुगड्यानं खाचर गाळून बघू का, असं मामंजींना सासूबाईंनी विचारलं. ते भिंतीला म्हणाले, "करा काय खेळ करायचाय तो."

खेळ सुरू झाला. जाऊबाईंचं जुनं लुगडं घेतलं, खालच्या काठाला खडे बांधले, म्हणजे तो पाण्यात बुडून राहील. दोन टोकांना आम्ही दोघी. चार पावलं गेलो नाही तोच टर्रकन फाटलं. जाऊबाई मागच्या मागे चिखलात! बांधावरून शेजारणींचा हशा.

"काय गं, मासळी गावली का?"

"गावलीय ना!" जाऊबाई चिखलातूनच म्हणाल्या. "ये, कालवण करायला तूच ये!"

सासूबाई गुपचूप घरी गेल्या आणि ट्रंकेतलं लाल काठाचं लुगडं घेऊन आल्या. सणावारी नेसायचं, घट्ट विणीचं.

"आत्याबाई, हे?" मी दचकलेच.

"शेत गेल्यावर हे नेसून कुठे मिरवू? धर टोक."

या वेळी खाडीकडचा वारा पाठीशी घेतला. त्यानं गोंडाळ आपोआप पुढे ढकललं जात होतं, आम्ही मागून लुगडं ओढत होतो आणि सासूबाई काठी घेऊन मधला काठ सावरत होत्या. कोपऱ्यात पोचलो तेव्हा इतकं साचलं होतं की तिघींना उचलवेना. पण मागे वळून पाहिलं, तर पाणी! आभाळ दिसत होतं हो त्यात! हसणाऱ्या शेजारणी टोपल्या घेऊन खाली उतरल्या. आता बांधावर एक पानही टाकलं नाही. सगळं डोक्यावरून उकिरड्यात नेलं, वर शेण थापलं. पुढच्या वर्षीचं खत!

संध्याकाळपर्यंत खाचर आरसा झालं. दुसऱ्या दिवशी लावणी केली. तळ्याचं पाणी जिथून आत यायचं त्या तोंडाशी काठ्यांची ताटी बांधली, म्हणजे पाणी येईल, गोंडाळ बाहेर राहील. ती मात्र रोज मोकळी करावी लागायची, नाहीतर पाणी तुंबून बांध फुटायचा. एका सकाळी मी गेले, तर ताटीपाशी मामंजीच वाकलेले, धोतर वर खोचून दोन्ही हातांनी गोंडाळ उपसत होते. मला पाहून ते बांधाकडे तोंड करून म्हणाले, "पाणी अडलं होतं." उद्यापासून तुम्ही येऊ नका, एवढं बांधाला सांगून पुन्हा वाकले.

भात असं आलं म्हणून सांगू! लोंब्यांच्या भारानं धाटं वाकली. दसऱ्याला दाराला नव्या भाताच्या लोंब्या बांधायची आमची पद्धत, आणि त्या घरातल्या सगळ्यात चांगल्या खाचराच्या घ्यायच्या. मामंजी पहाटेच कोयता घेऊन गेले आणि खालच्या खाचरातल्या लोंब्या घेऊन आले. स्वतः स्टुलावर चढून बांधल्या.

दिवाळी सरल्यावर भट्टीवाला आला. बरोबर दोन माणसं, फावडी. ओटीवर टेकत म्हणाला, "मग, कधी लावू खणायला?"

मामंजींनी दाराकडे बोट केलं. "ते बघितलंत? खालच्या खाचरातलं आहे."

"अहो पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. आता सुनांना विचारा. शेत त्यांचं आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं पोरी, द्यायची का माती?"

सासऱ्यांशी थेट बोलायची सवय कुठे? मी पदर सावरला, जाऊबाईंनी मागून कोपरानं ढोसलं, आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "नाही!"

इतक्या जोरात, की माणसांनी टेकवलेली फावडी उचलून परतीची वाट धरली.