आईच्या बैलाच्या शोधात, आलापल्लीच्या पुढे

प्रशांत महासागरातल्या कुठल्याशा बेटावरच्या कोरीव दगडांचा व्हिडिओ मी मोबाइलवर बघत होते. काळ्या कातळावर मासे, होड्या, माणसं. मग विमानाचं भाडं बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला. शेजारी मटार सोलत बसलेली आई म्हणाली, "दगड पाहाले समुद्रात काऊन जाते व? माह्या माहेरी आहेत ना. बैल आहे, पावलं आहेत. मी पाय ठेवून पाह्यला त्यात."

हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी मामा घरी आला होता, आईचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "काईच नाई तिथी. साधा गोटा आहे. बाई, तुले काई याद राहत नाई आता."

एरवी आईने त्याला तिथेच धुतला असता. पण गेल्या काही महिन्यांत तिचं दूध सारखं उतू जात होतं, शेजारणीचं नाव तिला आठवेना झालं होतं आणि घरात जो तो तिला दुरुस्त करत होता. ती गुपचूप आत गेली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "मले ने तिथी. बैल नसला, तर मीच समजून घेईन, आपलं काई खरं नाई म्हणून."

झालं, ठरलं. चंद्रपूरच्या ऊर्जानगरहून सकाळी निघायचं, रात्री आलापल्लीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. मामाला मुद्दाम गाडीत घातलं. आरोप त्याचा, तेव्हा पंचनाम्यालाही तोच हवा.

जाणाऱ्यांसाठी सांगते, जानेवारी उत्तम. चंद्रपूरहून कोठारी, गोंडपिपरी, आष्टी असा रस्ता धरा. गोंडपिपरीला तर्री-पोहे खा. तिघांचं पोट शंभरच्या नोटेत भरतं. मामाच्या नाकातून पाणी वाहत होतं, तरी त्याने दुसरी प्लेट मागवली. आष्टीला वैनगंगा ओलांडली की खनिजाचे ट्रक लागतात. काचा वर करा आणि घाई घरी ठेवून या. आलापल्लीत पेट्रोल आणि पाणी भरून घ्या, कारण पुढे दोन्ही बाजूंना साग आहे आणि मोबाइल नुसता घड्याळ म्हणून कामाला येतो.

मागच्या सीटवर अखंड खटला चालू होता. आई म्हणे, बाबांची सायकल हिरवी होती. मामा म्हणे, नाई. आई म्हणे, आपलं घर विहिरीजवळ होतं. मामा म्हणे, नाई.

"मंग कुठी होतं, सांग ना!"

"ते नाई सांगत मी," मामा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दगडावर खडूने नावं गिरवणारी मंडळी हा ब्लॉग वाचत असू शकतात. पहिल्याच घरी एक म्हातारे गोंड बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना विचारलं. "जा ना बाई. पण चपला काढून चढजा. देवाची जागा आहे ते," एवढंच ते म्हणाले.

फोटो झकास यावेत म्हणून मी हिशेबाने भर बाराच्या उन्हात पोचले होते. शेताच्या कडेला खळ्याएवढा काळा कातळ. आम्ही चपला काढल्या, वर चढलो आणि पाहिलं. काहीच नव्हतं. आईने कमरेत वाकून सगळा दगड धुंडाळला. "इथीच होता व," असं ती दोनतीनदा म्हणाली.

"मी काय म्हणत होतो!" मामा मोठ्याने म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला आणि तिथेच कातळावर चटई अंथरली. डबा त्यानेच उघडला. लाखोळीच्या डाळीचे वडे, तांदळाची भाकर, ठेचा. आईने एक घास खाल्ला नाही. ती उतरून गाडीजवळ पाठमोरी बसली. मला स्वतःचा भयंकर राग आला. चांगली घरात भांडत होती, तिला एवढ्या लांब आणून मी हरवलं होतं.

निघू या असं म्हणायची कोणाची हिंमत होईना. मामा आडवा झाला. ऊन कललं. शेवटी मी चटई आवरायला घेतली, तर मामाच्या ताटाच्या जागी बारीक सावल्यांची ओळ दिसली. पाच बोटं. शेजारी आणखी पाच. मग एक शिंग, वशिंड, लांबलचक पाठ. तिरप्या उन्हात सगळा दगड हळूहळू वर येत होता. आम्ही बैलाच्या पाठीवर बसून वडे खाल्ले होते!

"आई!" मी किंचाळलेच.

ती आली. पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला रडू आलं. मग तिने एका कोरीव पावलात पाय ठेवला. टाच बाहेर राहिली. "तवा बरोबर बसे," ती म्हणाली.

आता मामा काहीतरी खुसपट काढणार, असं मला वाटलं. तो लांबच उभा होता. "बाई, मी आलो होतो का व इथी?"

"तर! या शिंगावर बसून रडला होता तू. मुंगी चावली म्हणून."

"मले काईच याद नाई. घर नाई, विहीर नाई. गाव सुटलं तवा आठ वर्षांचा होतो, तरी नाई. म्हणून म्हणो मी, नव्हतंच म्हणून."

आईने शिंगाजवळचा दगड थोपटला. "बस इथी," ती म्हणाली. "सांगतो तुले." आणि ऊन जाईपर्यंत सांगत राहिली. मामाने एकदाही नाही म्हटलं नाही.

परत येऊन महिना झाला. दगडाने कोणाचं काही बरं केलं, असं मी म्हणणार नाही. दूध अजून उतू जातं आणि शेजारणीला अजून नाव नाही. पण रोज संध्याकाळी मामाचा फोन येतो. बाई, आपली गाय कोणत्या रंगाची होती? बाई, शाळेत मले मारत का? आई सांगते. परवा तिने त्याला सांगितलं की तो लहानपणी एकटा नदी पोहून पलीकडे गेला होता आणि सगळं गाव काठावर जमलं होतं.

मामा आजही गुडघाभर पाण्यात उतरत नाही. फोन ठेवल्यावर मी आईकडे पाहिलं.

"राहू दे व," ती म्हणाली. "एवढं सारं गेलं त्याचं. एखादं जास्तीचं देल्लं तर काय होते?"