बेडजवळचा ओव्हर

माझ्या खुर्चीवर माझ्यानंतर कोणाला बसवायचं ते मीच ठरवायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखी एक शोधून द्या अन् मग खुशाल रिटायर व्हा." मी म्हटलं, "माझ्यासारखी कायले? माझ्याहून बरी शोधा ना बाप्पा!"

अमरावतीतल्या या खाजगी हॉस्पिटलात मी साधी सिस्टर म्हणून लागले आणि आता मेट्रन होऊन बाहेर पडायची वेळ आली. मेट्रन हा शब्दही माझ्याआधीच रिटायर झाला, आता नर्सिंग मॅनेजर म्हणतात. काम तेच. कोणती सिस्टर कोणत्या वॉर्डात, कोणाचं लेकरू आजारी, कोणाचा नवरा सुट्टी मागायला आला, कोणत्या डॉक्टरचा राग कोणावर निघाला, हे सगळं डोक्यात घेऊन दिवसभर चालत राहायचं.

अर्ज आले त्यांची फाईल एच.आर.चा पोरगा माझ्या टेबलावर ठेवून गेला. पुण्याहून आलेला, गोड बोलायचा, मला 'मॅम' म्हणायचा. मी चष्मा लावून एकेक अर्ज पाहत होते. तिसरा अर्ज अकोल्याहून आला होता. नाव वाचलं आणि फाईल मिटली. परत उघडली. फोटोत ती थोडी भरलेली दिसत होती, कानाजवळ केस पांढरे. माय माय! माझी पोरगी पांढरी व्हायला लागली होती आणि मला पत्ता नव्हता.

पोटची नाही. मला पोटचं कोणी नाही. ही विशीत आमच्याकडे लागली, दर्यापूरकडची, बोलायला फटकळ, कामाला वाघ. दहा-अकरा वर्षं माझ्या हाताखाली होती. ड्युटीवर मॅडम म्हणायची आणि पदर खोचून माझ्या घरी भाकरी थापायला बसली की माय म्हणायची. सात वर्षांपूर्वी राजीनामा देऊन अकोल्याला गेली. त्यानंतर ना तिनं फोन केला ना मी. मी का केला नाही, ते सांगायचं तर आधी ओव्हर म्हणजे काय ते सांगावं लागेल.

एक पाळी संपून दुसरी लागते तेव्हा आधीची सिस्टर नंतरचीला वॉर्ड सोपवते. त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. बऱ्याच ठिकाणी तो टेबलावर होतो, वही पुढे सरकवली, सही केली, झालं. माझं तसं नाही. अकोल्याला ट्रेनिंगला असताना आमची इन्चार्ज सिस्टर आम्हाला हाताला धरून प्रत्येक बेडपाशी न्यायची. पेशंटला नावानं हाक मारायची, बेड नंबरानं नाही. सुई टोचलेल्या हातावर हात ठेवायचा, सलाईन पाहायचं, आणि शेवटी विचारायचं, "जेवली काय माय?" हे कोणत्याच पुस्तकात नाही. पण आजारी माणूस दुखणं विचारलं तर सांगत नाही, जेवणाचं विचारलं की बाकी सगळं आपोआप सांगतो. मी तेच इकडे आणलं. बेडजवळ गेल्याशिवाय ओव्हर घ्यायचा नाही, हा माझा कायदा. नवीन पोरी कुरकुरायच्या. माझी ही पोरगीच त्यांना दटावायची, "मॅडमनं सांगितलं ना, मंग चला निमूट."

आणि तो कायदा मीच मोडला.

त्या दिवशी दुपारी डायलिसिसच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. पाहुणे येणार, हार आले, पेढे आले, आणि ऐन वेळी लक्षात आलं की दारात रांगोळीच नाही. तिच्यासारखी रांगोळी कोणाला जमत नसे. ती दोनच्या पाळीला नुकतीच आलेली, स्त्रियांच्या वॉर्डात ओव्हर घ्यायला निघालेली. मी जिन्यातूनच ओरडले, "वहीवरच घे आज ओव्हर, अन् पळत ये इकडं!" ती थबकली. "मॅडम, बेडजवळ जाऊन येऊ द्या ना." मी म्हटलं, "मी सांगून राहिली ना? ये लवकर."

सकाळच्या सिस्टरला एका म्हातारीबद्दल बेडजवळच सांगायचं होतं. कापूस-तुरीच्या घरातली म्हातारी, हात दुखते म्हणत होती, सुईवर लक्ष ठेवा, एवढंच. ते वहीत नव्हतं. वहीवर सही झाली, सकाळची घरी गेली, ही खाली मोर काढत बसली. पाहुणे पेढे खाऊन गेले तोवर म्हातारीचं सलाईन शिरेबाहेर जाऊन हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता. ती बिचारी कोणाला कायले त्रास द्यायचा म्हणून गप्प पडून. पोरगा भेटायला आला, त्यानं पाहिलं, आणि त्यानं जो दंगा केला तो रास्तच होता. हाताची सूज आठवड्यात उतरली. पण मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बोलावलं. विचारलं, "बेडजवळ न जाता ओव्हर कोणी घेतला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या बोटांना गुलाबी रंग तसाच होता. मी आता बोलेन, मग आता बोलेन, अशी ती वाट पाहत होती. मी काय बोलले? मी म्हटलं, "मी हेच शिकवलं होतं काय तुले?"

मेमो मीच लिहिला. सही माझीच. तिनं माझं नाव घेतलं नाही. पुढच्या महिन्यात राजीनामा दिला, जाताना सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही. मी खिडकीत उभी राहून ती ऑटोत बसेपर्यंत पाहत राहिले. सात वर्षं रोज म्हणत आले, आज फोन करते. कोणत्या तोंडानं करणार?

म्हणून तो अर्ज पाहून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. देवानं दुसऱ्यांदा दार उघडलं असं वाटलं. ठरवूनच टाकलं, काहीही होवो, खुर्ची तिला. ती परत येईल, निदान शेवटचा महिना आम्ही एका जिन्यानं वर-खाली करू. दुपारी माझ्या डब्यातून न विचारता ठेचा उचलेल. एवढंच पाहिजे होतं मला.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही तिघं बसलो, मोठे डॉक्टर, एच.आर.चा पोरगा आणि मी. त्यानं मार्कांचा तक्ता केलेला. संभाषणकौशल्य, नेतृत्वगुण, संगणकज्ञान, असं बरंच काही. मी म्हटलं, "बाबू, यात पेशंट कुठं हाय?" तो हसला आणि तळाशी पेनानं एक रकाना आखून दिला.

पहिला आला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. इस्त्रीचा शर्ट, खटाखट उत्तरं. नेतृत्व म्हणजे काय यावर तो इतका बोलला की डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. पण मी विचारलं, "वॉर्डात गेल्यावर पहिले काय पाहता?" तर म्हणाला, "खरं सांगू मॅडम? कोण रडून राहिलं ते." मला पोरगा आवडला. मनात म्हटलं, बापा, तू चांगला हायेस, पण आज नाही. दुसरी वलगावची बाई, हुशार, पण पाळीचं वेळापत्रक कसं लावाल म्हटलं की नवऱ्याला विचारून सांगते म्हणायची. मग ती आली.

"नमस्कार सर. नमस्कार मॅडम." मॅडम. बरोबरच होतं, मुलाखत होती. तरी काळजात टोचलं.

उत्तरं तिनं मोजकी आणि सरळ दिली. एक सिस्टर आली नाही तर काय कराल? "दुसरी यीपर्यंत म्या उभी राहीन." डॉक्टर चूक करत असतील तर? "बाजूला बोलवून सांगीन. नाही ऐकलं तर पेशंटसमोर सांगीन." मोठे डॉक्टर हसले. मी मात्र तिच्या बोटांकडे पाहत होते.

एच.आर.च्या पोराकडे जुनी फाईल होती. त्यानं विचारलं, "तुम्ही हे हॉस्पिटल का सोडलं होतं?"

"घरची अडचण होती."

"पण इथं एक मेमो दिसतोय. पेशंटला न पाहता चार्ज घेतल्याबद्दल."

"हो. चूक झाली होती माझी." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरानं तक्त्यावर काहीतरी खोडलं. मला ते खोडणं ऐकू आलं.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "चूक तिची नव्हती. मी बोलावलं होतं तिले रांगोळी काढायले. ती म्हणे बेडजवळ जाऊन येतो, मीच जाऊ दिलं नाही. अन् मंग मेमोही मीच लिहिला." सात वर्षं गिळलेलं दोन दमांत संपलं. मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "जुनी गोष्ट आहे मॅडम, जाऊ द्या." मग तिला म्हणाले, "मला वाटतं काही विचारायचं राहिलं नाही. उद्या लेटर काढू."

ती उठली. "विचार करून सांगीन सर," म्हणाली आणि गेली.

विचार कसला करते ही? मी पाच मिनिटं कशीबशी बसले, मग मला काही सुचेना. चप्पल अडकवली, खाली आले, ऑटो केला आणि बसस्टँड गाठलं. भर दुपारचं ऊन. अकोल्याची गाडी लागलेली होती आणि ती खिडकीशी बसलेली. मी खाली उभी, ती वर.

म्हटलं, "येशील ना?"

तिनं मान हलवली. "नाही."

"काहून? माफ नाही केलं अजून? कर ना वं पोरी. हात जोडतो तुले."

"हात नका जोडू, लोक पाहून राहिले." मग खिडकीच्या गजावर हात ठेवून ती हळू बोलली. "मले नोकरी नव्हती पाहिजे. तिकडं माझ्या हाताखाली पोरी हायेत, बेडजवळ ओव्हर घेतात, त्यायले सोडून कशी येऊ? तुमी रिटायर होऊन राहिल्या असं ऐकलं. म्हटलं, तुमी खुर्चीत हाय तवर एकदा समोर जाऊन बसावं. बोलतात का नाही ते पाहावं."

"बोलली ना मी!"

"बोलल्या. नसत्या बोलल्या तर आली असती. जिद्दीनं तुमच्याच खुर्चीत येऊन बसली असती. आता ती जिद्दच राहिली नाही."

म्हणजे गप्प राहिले असते तर ती मिळाली असती! कंडक्टरनं दार आपटलं. ती अचानक वाकून म्हणाली, "जेवल्या काय?"

हो म्हणणार होते. पण तो प्रश्न मीच शिकवलेला, त्याला खोटं कसं सांगू? म्हटलं, "नाही वं माय. सकाळपासून पोटात काही नाही."

तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला, रबर लावलेला, आणि गजांमधून माझ्या हातात दिला. "अन् तू?" म्हटलं तर "म्या घरी जाऊन जेवीन," म्हणाली. गाडी मागे आली, वळली आणि गेली. मी तिथल्याच बाकड्यावर बसून डबा उघडला. भाकर, मेथीची भाजी, कोपऱ्यात ठेचा. रडत रडत सगळं खाल्लं. समोरची एक बाई विचारत होती, कोणी गेलं काय बाई तुमचं? मी म्हटलं, हो, अकोल्याला गेली.

खुर्ची ब्रदरला दिली. त्याला रोज बेडजवळ नेते, शिकतो आहे, 'जेवल्या काय' विचारताना अजून लाजतो. महिनाअखेरीस मी मोकळी होईन.

डबा घासून फडताळात ठेवला आहे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आमच्याकडे लहान पोरीलाही सांगावं लागत नाही. रिटायर झाले की पहिल्याच गाडीनं अकोल्याला जाणार आहे तो घेऊन. फक्त त्यात काय भरून न्यावं तेच ठरत नाही. तिला काय आवडायचं ते मला पक्कं ठाऊक आहे, पण ते सात वर्षांपूर्वीचं.