किलिमांजारोवरचा कापूस

मोशीला आमच्या घरी आरतीची वेळ घड्याळावर ठरत नसे, डोंगरावर ठरत असे.

ही मोशी पुण्याजवळची नव्हे. टांझानियातली, किलिमांजारोच्या पायथ्याची. माझे वडील तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. गावात गुजराती घरं पुष्कळ होती, मराठी म्हणाल तर आम्हीच. गणपतीची मूर्ती वडील ओढ्याकाठच्या तांबड्या मातीची करायचे. मखर आमच्याकडे कधीच नव्हतं. आई उत्तरेकडच्या खिडकीत चौरंग मांडायची, पडदा सारायची, की झाली आरास. बाप्पाच्या मागे केळीच्या बागा, केळीच्या सावलीत कॉफीची झुडपं, त्यांच्यावर काळपट रान आणि सगळ्यांच्या वर तो. उकडीचा गोळा वरून तळहाताने दाबावा तसा सपाट माथा, त्यावर पांढरंशुभ्र बर्फ. उजव्या हाताला त्याचा धाकटा भाऊ शोभावा असा मावेंझीचा दातेरी सुळका.

अडचण एकच होती. हा डोंगर ढगात तोंड खुपसून बसायचा. सकाळी थोडा वेळ दिसायचा, नाहीतर एकदम संध्याकाळी. आणि आईचा नियम असा की डोंगर उघडल्याशिवाय आरती नाही. "घरी देव आलाय आणि हा तोंड झाकून बसलाय. उघडू दे," म्हणायची. वडील ताट घेऊन उभे, निरांजनात तूप पुन्हा घालावं लागतंय, मोदक गार होतायत, आणि मला अंगणात उभं केलेलं. कधीतरी ढग बाजूला सरायचा आणि मी जिवाच्या आकांताने ओरडायचो, "उघडला!" की आत घंटा सुरू.

माझ्या लहानपणाबद्दल यापेक्षा चांगलं मला काही सांगता येत नाही. आणि नेमकं हेच मी मराठी माणसांना कधी सांगितलं नाही.

पुण्याला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात विचारलं गेलं, "तुमच्या अंगणात सिंह यायचे का रे?" सगळे हसले. वाईट हेतूने नसतील हसले, पण मला लागलं. त्यानंतर कुणी "मूळचा कुठला?" म्हटलं की मी "राजापूरकडचा" असं सांगायला लागलो. खोटं नव्हतं. आजोबा तिकडचेच. पण मी राजापूर पाहिलं ते एकदा, एका लग्नापुरतं.

पुढे अमेरिकेत आलो, शुगर लँडला घर घेतलं, मराठी मंडळात जायला लागलो. तिथे हा प्रश्न हात धुवायच्या रांगेतसुद्धा विचारतात. मी राजापूर सांगायचो आणि समोरचा म्हणायचा, "मग हापूस एकटेच खाता होय?" ऑफिसात मात्र मी वेगळाच माणूस. तिथल्या अमेरिकन मंडळींना मी जेवणाच्या सुट्टीत इतकं टांझानिया ऐकवलं की एकाने विचारलं, तुला तिथलं पर्यटन खातं पगार देतं का? सकाळी केळीच्या बागेतून निघायचं आणि काही दिवसांनी बर्फात उभं राहायचं, तेही विषुववृत्ताला लागून, असा डोंगर दुसरा दाखवा मला! न्गोरोंगोरोचं ते प्रचंड विवर, त्यातल्या तळ्याकाठी गुलाबी फ्लेमिंगो. झांझिबारचे पितळी खिळ्यांचे दरवाजे आणि गल्लीत वाळत घातलेल्या लवंगांचा वास. मोठं माणूस दिसलं की "शिकामू" म्हणायचं, म्हणजे तुमचे पाय धरतो, आणि त्याने "मराहबा" म्हणून ते स्वीकारायचं. घरीही हेच. गाडीत बसलो की माझी बारा वर्षांची मुलगी आधीच सांगायची, "बाबा, नो किलिमांजारो टुडे, प्लीज."

मग मंडळातच तोंड का शिवलेलं? आपल्या माणसांत मला पुरतं आपलं व्हायचं होतं. मोशी काढली की मी थोडा कमी मराठी ठरेन अशी भीती मनात बसली होती. चाळिशी उलटल्यावरही ती गेली नाही, याची लाज वाटते.

दोन हजार सहाच्या गणपतीत देखावा माझ्याकडे आला. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हार्टचे डॉक्टर, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचा फोन आला.

"अरे, तू पाइपलाइनी टाकतोस ना? मग एक डोंगर टाक. मागच्या वर्षीचा किल्ला आरतीच्या मध्येच कोसळला. या वेळी इंजिनिअरचं काम पाहिजे. कैलास कर."

"डोंगर करतो, काका," मी म्हणालो.

कैलास करतो, असं म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. हे पहिलं अर्धसत्य.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. वडील गेल्यावर काही वर्षं ती मोशीला एकटी राहिली, मग गुडघ्यांनी ऐकेना म्हणून मी तिला आणलं. शुगर लँड म्हणजे सपाट गाव. जिन्याएवढाही चढ नाही. ती खिडकीत बसून म्हणायची, "इथे नजर कुठे टेकवायची रे?" उन्हाने ऑगस्टात बाहेर पाऊल टाकवत नाही, त्यामुळे दिवसभर घरात. मी ऑफिसात. त्याचंही मला वाईट वाटत राहायचं.

गॅरेजमध्ये मी तारेच्या जाळीचा सांगाडा उभा केला, त्यावर किराण्याच्या खाकी पिशव्या चिकटवल्या. हात आपोआप चालत होता. दुसऱ्या दिवशी आई साडीवर तिचा जुना खांगा गुंडाळून, चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. खांगा म्हणजे तिकडच्या बायकांचं रंगीत सुती कापड, आई स्वयंपाक करताना तो कमरेला बांधते.

"मावेंझी अजून उजवीकडे घे," ती म्हणाली. "आपल्या खिडकीतून इतका जवळ नव्हता."

मी वळून पाहिलं. तिचा चेहरा असा कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"मंडळाने सांगितलं किलिमांजारो करायला?"

"डोंगर सांगितलाय," मी म्हणालो. हे दुसरं.

त्यानंतर ती रोज खुर्ची टाकून गॅरेजमध्ये बसायला लागली. पंखा लावूनही घामाच्या धारा, पण उठायची नाही. केळीची पानं तिने हिरव्या कागदाची कापली. रानाचा रंग दोनदा बदलायला लावला. फोनवर लंडनच्या मोशीवाल्या मैत्रिणीला सांगितलं, "अगं, इथल्या मराठी लोकांनी आपला डोंगर मागितलाय." मी ऐकलं आणि ब्रश धुवायला निघून गेलो.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये डोंगर लावला. आमचा गणपती वीकेंडलाच येतो. काका कमरेवर हात ठेवून समोर उभे राहिले.

"काम फर्स्ट क्लास. पण टोक कुठाय?"

"टोक?"

"कैलासाला टोक नको? हा तर वरून कापलेल्या केकसारखा दिसतोय. आणि बाजूला हा तुटका दात कसला?"

सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. हॉलमध्ये आम्ही चौघं-पाचजण, काका मनाने मोकळे. मी म्हणालो, "थोडं काम राहिलंय, काका." हे तिसरं, आणि सगळ्यांत वाईट.

पूजेच्या पिशवीत वातींसाठी कापसाचा मोठा गठ्ठा होता. मी तो उचलला. माथ्यावर निमुळता ढीग रचला, मावेंझी पुरता झाकला, सगळं डिंकाने चिकटवलं. काका खूश. "आता बघ, साक्षात महादेव बसलेत असं वाटतंय!"

"वातींना काय लावायचं आता? तुमचं डोकं?" बायकोने विचारलं. तिला सगळं माहीत होतं. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या आईंना काय सांगणार आहात?" मी रेडिओ लावला.

शनिवारी आई तिची मोरपंखी इरकल नेसली. हॉल भरला होता. ढोल, लहान मुलांची पळापळ, मागच्या टेबलावर वरणभाताची मोठी पातेली. गुडघ्यांमुळे आईला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. माझ्या हातात घंटा. काकांनी ताट उचललं आणि माइकवर म्हणाले, "आपण पाहतोच आहात, बाप्पांच्या मागे यंदा कैलास पर्वत..."

"थांबा हो जरा," आई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नाही, पण हॉल गप्प झाला. ती माझ्याकडे बघत होती.

"अरे, डोंगर झाकलेला आहे की. ढग काढ आधी. मग आरती."

"वहिनी, ते ढग मुद्दाम लावलेत," काका हसून म्हणाले. "कैलासावर असतातच."

"कैलास कसला? हा आमचा किलिमांजारो. आमच्या घराच्या खिडकीतला."

काकांनी ताट तसंच धरून माझ्याकडे मान वळवली. "अरे, तुम्ही राजापूरचे ना?"

"राजापूर?" आईला खरोखरच हसू आलं. "तिथे ह्याने लग्नाच्या जेवणाखेरीज काय पाहिलंय? मोशीत जन्मला हा. तिथल्या केळ्यांवर वाढलाय." मग तिचं हसू थांबलं. "तू सांगितलं नाहीस यांना?"

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिला फक्त समजत नव्हतं, सांगण्यासारखी एवढी मोठी गोष्ट आपल्याकडे असताना माणूस गप्प का बसेल.

"नाही सांगितलं, आई," मी म्हणालो. माइक काकांच्या तोंडाशी होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं असावं. घंटा बायकोच्या हातात दिली, स्टूल ओढलं आणि वर चढलो.

डिंक मी इंजिनिअरसारखाच लावला होता. कापूस सुटेना. ओढला तर त्याच्याबरोबर पांढऱ्या रंगाची खपलीही निघाली आणि बर्फात खाकी भोकं पडली. मागून कुणीतरी म्हणालं, "किल्ला पडला, आता डोंगर." हशा पिकला.

"राहू दे ते डाग," आई खालून म्हणाली. "हल्ली तसाच झालाय म्हणे. बर्फ कमी झालंय."

शेवटचा कापूस मावेंझीवरून निघाला. मी बाजूला झालो. आणि हॉलच्या मागच्या टोकाकडून, वरणभाताच्या टेबलापासून, एक आवाज आला, जिवाच्या आकांताने.

"उघडला!"

माझी मुलगी. घरात जी मराठी प्रश्नालाही इंग्रजीत उत्तर देते, ती. गाडीतल्या सगळ्या गोष्टी तिने ऐकल्या होत्या तर!

बायकोने घंटा वाजवली. स्टुलावरून उतरायचं मला सुचलंच नाही. आरती मी तिथेच उभं राहून म्हटली, हातात कापूस धरून.

नंतर व्हायचं ते झालं. अंगणात सिंह यायचे का, हे तीन जणांनी विचारलं. आईने सांगितलं, "सिंह नाही, पण माकडं मोदक पळवायची." मुलांनी तिच्या खुर्चीभोवती रांग लावली. एकेक जण वाकून "शिकामू" म्हणे, ती "मराहबा" म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवी, आणि काही डँबिस कार्टी पुन्हा मागे जाऊन रांगेत उभी राहत. काका ताट घेऊन माझ्याशेजारी जेवायला बसले.

"म्हणजे हापूस तुझ्याकडे कधीच नव्हते."

"नव्हते, काका. मोशीची कॉफी आहे."

"ती तरी एकट्याने पिऊ नकोस," ते म्हणाले आणि माझ्या पानातला मोदक उचलला.

एवढ्यात नव्याने आलेला, एमएस करणारा एक मुलगा ताट घेऊन समोर आला. वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "काका, तुम्ही मूळचे कुठले?"

जिभेवर सवयीने राजापूर आलंच होतं. आईने रांगेतल्या मुलांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

"ताट ठेव खाली," मी त्याला म्हणालो. "चल, दाखवतो."